बिडीची सुट्टी

कामावर असताना नुसता मोकळा श्वास घ्यायला बाहेर जायचं असेल, तर तुम्ही कोणतं कारण सांगता?

आमच्या कारखान्यात एकच कारण चालायचं. बिडी. सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही टॉवेल विणतो. माग सुरू झाले की शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि सुताचे बारीक तंतू इतके उडतात की दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या होतात. अशा ठिकाणी माणसाला बाहेर पडावंसं वाटणारच. पण पाणी प्यायला जातो म्हटलं तर जॉबर, म्हणजे मागांवर आणि आमच्यावर देखरेख करणारा माणूस, बाटली जवळ ठेवायला सांगायचा. चक्कर येते म्हटलं तर खाडा लावून घरी पाठवायचा. दोन बोटं ओठांशी नेऊन खूण केली की मात्र तो मान हलवायचा. शेजारचा कामगार आपले माग बघायचा आणि आपण मागच्या दारानं बाहेर. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं त्याच्याशी भांडायचं कसं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मी बिडी त्याच दाराबाहेर शिकलो. कुण्या वाईट संगतीनं मला बिघडवलं नाही. मला वारा हवा होता आणि वाऱ्याची ती किंमत होती.

माझे वडील, आप्पा, सूतगिरणीत होते आणि युनियनमध्ये होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, हिरवी. शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. ‘कामगार बंधूंनो’ हा शब्द मला स्वतःचं आडनाव लिहिता यायच्या आधी वाचता येत होता. आप्पा गेटवर भाषण करायचे आणि घरी येऊन बिडी पेटवायचे. आता ते भाषण करत नाहीत. मोरीपासून खाटेपर्यंत येतानाही मध्ये भिंत धरून थांबतात. त्यांच्या छातीची शिट्टी बाहेरच्या खोलीत ऐकू येते.

एका सकाळी जिना चढताना तीच शिट्टी मला माझ्या छातीत ऐकू आली. माझी अजून तिशीही झालेली नाही. मी पायरीवर बसलो आणि ठरवलं, सोडायची.

सरकारी दवाखान्यात तंबाखू आणि बिडी सोडू पाहणाऱ्यांसाठी एक खोली आहे. पैसे पडत नाहीत. पाळी बदलून घेऊन मी तिथं गेलो. समोर बसलेली ताई माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिनं मला कॅन्सरचे फोटो दाखवले नाहीत, त्याबद्दल मी तिचा अजून ऋणी आहे. तिनं विचारलं, “तलफ आली की काय करतोस?”

“ओढतो.”

ती हसली. “तलफ थोडा वेळ असते, मग उतरते. तेवढ्यात जागेवरून ऊठ, बाहेर जा, पाणी पी, कुणाशी तरी बोल.”

“ताई, आमच्याकडं बाहेर जायलाच बिडी लागते.”

तिला आधी गंमत वाटली. मग मी सगळं सांगितलं. ती पेन खाली ठेवून म्हणाली, “मग हे तुला एकट्याला जड जाणार. तुझ्याबरोबर सोडणारी माणसं शोध. तुझ्या कारखान्यातलीच.”

तिचं बरोबर होतं. मी बिडी सोडल्याचं जॉबरला कळलं आणि त्याला नवीन खेळ मिळाला. मी दाराकडं निघालो की तो मोठ्यानं ओरडायचा, “कुटं चाललास बे? बिडी सोडलीस की तू!” सगळे हसायचे. मी परत मागाशी. आठवडा पुरा व्हायच्या आत मी एकाकडून बिडी मागून घेतली आणि ताठ मानेनं बाहेर गेलो. ती धड ओढलीही नाही. पण बाहेर उभा राहिलो.

माणसं शोध, असं ताई म्हणाली होती. माणसं शोधायची एकच रीत मला घरात शिकवलेली होती. मी पत्रक काढलं.

‘कामगार बंधूंनो! किती दिवस सहन करणार? आपली छाती आपल्या मालकीची आहे! एकजुटीनं उभे राहा! सुट्टीच्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ हजारोंच्या संख्येनं जमा!’ घोषणांनीच कागद भरला. बिडी सोडण्याचा विषय तळाशी बारीक अक्षरात गेला. छापखानेवाल्यानं काही न विचारता आप्पांच्या वेळचाच गुलाबी कागद घातला.

आप्पांनी ते वाचलं. “भाषा बरी हाय. पण संप कशापायी हाय, त्ये कळंना.”

“संप न्हाय आप्पा. बिडी सोडायची हाय.”

“बिडी?” त्यांना ठसका लागला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा तांब्या धरून उभा. मग म्हणाले, “आरं, आमी मजुरीच्या दरवाढीसाठी लाठ्या खाल्ल्या. आन् तू बिडीवर पत्रक काढतुयास?”

“तुमी दर मागितला आप्पा. ह्यो श्वास कुणी मागायचा?”

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलावून घेतलं. टेबलावर माझं पत्रक. “बोनस का? दर का? सरळ बोल की. कागद कशाला वाटतोस?”

“मालक, बिडी सोडायची बैठक आहे.”

“मला शिकवू नको. तुझ्या बापाला वळखतो मी.”

बैठकीला टाकीजवळ ही गर्दी! शेजारच्या कारखान्यांतलेही आले होते. घटकाभर मला फार भारी वाटलं. मग पुढच्यानं विचारलं, “बोनस किती मागायचा?” मी विषय सांगितला. एकदम हशा.

“आयला, बिडी सोडायला मोर्चा!”

“घरी बायकू सांगतीय ती कमी हाय व्हय? आता ह्यो युनियनवाला!”

“चला बे, चहा पिऊ.”

निम्मे लोक टपरीकडं निघाले. एकानं तर माझ्या नाकासमोर बिडी पेटवली आणि धूर सोडत म्हणाला, “घे की एक झुरका. मग सांग भाषण.” त्या क्षणी मला ती बिडी हवी होती. हात उठलाही असता.

तेवढ्यात टाकीच्या कट्ट्यावरून अण्णा उठले. अण्णा माझ्या शेजारचे माग चालवतात. घरात तेलुगू, कामावर मराठी, रोज कुंभारीहून येतात, आणि सहसा कुणाच्या अध्यात नाहीत.

“थांबा बे सगळे. मी बिडी ओढतो का?”

“तू कसला ओढतो अण्णा, तू साधू माणूस.”

“मग मी बाहेर कधी गेलो? सांगा की.”

अण्णांनी एकेकाकडं बोट केलं.

“ह्या पोराचे माग मी बघितले. तुझे बघितले. तुझ्या थोरल्या भावाचे बघितले. सगळे हवा खाऊन आले. अण्णा, आता तू जाऊन ये, असं म्हणलं का कोण? माझी बायको घरी बसून बिड्या वळते, तुम्ही ओढता, आणि माग मी सांभाळायचे. लई झालं आता.” मग माझ्याकडं वळून, “तू पण तसलाच. हे लिहिलास का कागदावर?”

लिहिलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

बिडी पेटवलेल्यानं टोमणा मारला, “सगळ्यांनी सोडली तर वहिनीनं काय वळायचं अण्णा?”

“तिला दुसरं काम पाहिजे. दिवसभर तंबाखूत बसून ठसका लागतो, मान धरते. ते पण छाप म्हणावं पुढच्या कागदावर!”

परत हशा पिकला, पण आता कुणी जागचं हललं नाही. टपरीवर गेलेले चहाचे ग्लास घेऊन परत आले. बैठक त्यानंतर सुरू झाली, आणि ती माझ्या पत्रकापेक्षा फार सरळ झाली. बिडी ओढो वा न ओढो, आळीपाळीनं प्रत्येकाला बाहेर जायची सुट्टी. मागणी एवढीच.

दुसऱ्या सकाळी आमच्या पाळीनं माग सुरू न करता ती मालकासमोर ठेवली.

“आणि काम कोण करणार?” मालक म्हणाला.

“बिडीच्या वेळी कोण करत होतं?” अण्णा.

मालकानं जॉबरकडं बघितलं. जॉबरनं खाली बघितलं. “बरं, बघतो,” मालक म्हणाला. आम्ही तसेच उभे. टॉवेलची गाडी दारात थांबलेली, शेडमध्ये इतकी शांतता की पत्र्यावर चालणारं कबूतर ऐकू येत होतं. ‘बघतो’चं ‘हो’ झाल्यावरच माग सुरू झाले. कुणी उदार होऊन ती सुट्टी दिली असं समजू नका.

सगळं गोड झालेलं नाही. बिडीवाल्यांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि त्यातला एक जण अजून माझ्याशी बोलत नाही. आम्ही थोडेच जण सोडतोय. सांगोल्याला एका लग्नात माझा पाय घसरला, तेव्हा ताईनं “बरं, आजपासून परत” एवढंच म्हटलं. सुट्टीत आम्ही भाजक्या शेंगा फोडत उभे राहतो, हात रिकामा राहू नये म्हणून. पहिला नंबर अण्णांचा असतो. जॉबर अजून ओरडतो, “झाला का साधूंचा मेळा?” ओरडू दे.

आप्पा एकदा न सांगता माझ्याबरोबर रिक्षात बसले आणि त्या खोलीत आले. सोडली का, ते विचारू नका, अजून झगडतायत. ती खोली दुपारी बंद होते, म्हणजे सकाळच्या पाळीतला माणूस तिथं पोचू शकत नाही. संध्याकाळीही उघडा, असा अर्ज आम्ही दिलाय. तो आप्पांनी सांगितला, मी लिहिला. उत्तर आलेलं नाही. आम्ही परत जाणार आहोत.

बिडी सोडणं ही ज्याच्या-त्याच्या मनाच्या ताकदीची गोष्ट आहे, असं मला आता कुणी सांगू नये. मनाची ताकद माझ्यात होती. मला दाराबाहेर उभं राहायला जागा नव्हती आणि सोबत माणूस नव्हता.

तुमच्या शेजारीही कुणीतरी सोडायचा प्रयत्न करत असेल. उद्या कामावर गेलात की त्याला “एक झुरका घे की” म्हणू नका. हातातलं काम दुसऱ्यावर सोपवा, त्याला घेऊन बाहेर जा, आणि त्याची तलफ उतरेपर्यंत त्याच्याशेजारी उभे राहा. कुणी विचारलं कुठं चाललात, तर खरं कारण सांगा. मोठ्यानं सांगा.