गुन्वोरच्या स्क्रीनवरचं बंदर

फोन वाजला की पलीकडचा माणूस काय बोलणार, हे तोरगाइरला पाठ झालं होतं. "मी काहीच केलं नाही रे, आपोआप झालं." मग दुसरं वाक्य, "काहीतरी लिहून आलं होतं, मी ते बंद करून टाकलं." तो विचारायचा, "काय लिहून आलं होतं?" ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. वाचतंय कोण!

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या स्तेनवोग गावात नगरपालिकेचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या एकट्याच्या गळ्यात होते. शाळेचा शिपाई रोआल्ड नुसता स्क्रीन मालवायचा आणि "बंद करून चालू केला" असं शपथेवर सांगायचा. वृद्धाश्रमातल्या एक बाई आलेली ईमेल छापायच्या, छापलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायच्या आणि तो फोटो पुढे पाठवायच्या. ग्रंथपाल प्रत्येक गोष्टीवर दोनदा क्लिक करायची आणि एकाच्या दोन खिडक्या उघडल्या म्हणून यालाच बोलवायची. पासवर्ड तर सगळ्यांचेच कीबोर्डखाली चिकटवलेले. तोरगाइरच्या डोक्यात तिडीक जायची, पण तो तोंडातून शब्द काढायचा नाही. बिघाड काढायचा, "झालं" म्हणायचा. समोरचा "आभारी आहे हं" म्हणून स्क्रीनकडे वळायचा. आपण अजून दारात उभे आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, अशी त्याची खात्रीच झाली होती.

तो इथला नव्हता. दक्षिणेकडून आला होता, इथल्या शाळेत नोकरी लागलेल्या रागनाबरोबर. दुसऱ्याच हिवाळ्यात अंधाराला कंटाळून रागना परत गेली. तो राहिला. का राहिला, हे त्याला कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्यानंही त्याचं उत्तर कधी शोधलं नाही. बँकेच्या वरच्या मजल्यावरची पिवळी खोली, डब्यातला पाव, खिडकीबाहेर समुद्र.

"बस" म्हणणारं एकच ठिकाण होतं, बंदर कचेरी. तिथली गुन्वोर साठीला टेकलेली, वाऱ्यावर मात करून करून आवाज चढलेला. शुक्रवारी ती वॉफल भाजायची आणि भिंतीकडच्या लाकडी खुर्चीकडे हनुवटी करायची, "बस. तपकिरी चीज हवं की जॅम?" त्या खुर्चीवरची अर्धी घटका त्याला आठवडाभर पुरायची.

पण तिचा स्क्रीन बघवायचा नाही. मागे बंदराचा डोंगरावरून काढलेला फोटो आणि त्यावर गोवर उठावा तसे आयकॉन. कुठं दाटीवाटी, कुठं एकच लांब पडलेला. खुर्चीत बसल्याबसल्या त्याचे हात शिवशिवायचे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी गुन्वोरला धक्क्यावरून कुणीतरी हाक मारली. "आलेच मी, तव्याकडे बघ," म्हणून ती गेली. तव्याकडे बघता बघता तोरगाइरचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. काहीतरी चांगलं करून ठेवावं, ती खूश होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. ती परत आली तेव्हा सगळ्या फाइली नावानुसार फोल्डरमध्ये होत्या आणि फोटो कसा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

गुन्वोरनं हातमोजेही काढले नाहीत. "तोरगाइर, बोटी कुठं गेल्या?"

"आहेत ना सगळ्या. काहीच हरवलेलं नाही. उलट आता सापडतील."

"ओडवारची बोट कुठंय?"

"अगं, 'ओ'मध्ये."

"ओडवारची बोट 'ओ'मध्ये नसते रे बाबा! बर्फाच्या कारखान्याखाली, तरत्या धक्क्याच्या टोकाला असते. तिथंच ठेवली होती मी."

मग त्याला कळलं. एकेक फाइल म्हणजे एकेक बोट होती, आणि ती बोट बंदरात जिथं बांधलेली असे, फोटोत बरोबर तिथंच तिची फाइल. वायरलेसवर कुणी जागा मागितली की गुन्वोर फोटोकडे बघायची. मोकळं पाणी दिसलं की मोकळी जागा. सोमवारपासून कॉड माशांच्या हंगामाच्या पाहुण्या बोटी यायच्या होत्या.

"मग मागे घे की. तू तर काय काय परत आणतोस."

"फाइली आणता येतात. कोण कुठं होतं, ते कॉम्प्युटर लक्षात ठेवत नाही."

"मी ठेवत होते," ती म्हणाली. तिनं वॉफलच्या तव्याची वायर ओढून काढली. मग कोपऱ्यातली ओली लाइफजॅकेटं उचलली आणि भिंतीकडच्या त्या खुर्चीवर टाकली. "मी आता बहिणीकडे निघालेय. सोमवारी सकाळी येईन."

"तोवर मी लावतो सगळं."

"तू?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं.

शनिवारी तोरगाइर रिकाम्या कचेरीत फोटोसमोर बसला. गावातल्या निम्म्या लोकांचे पासवर्ड त्याला ठाऊक होते. रोआल्डचा पासवर्ड म्हणजे त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव, हेही ठाऊक होतं. पण रोआल्डची बोट कुठं असते? मुळात रोआल्डची बोट आहे, हेच त्याला फाइलीचं नाव बघून समजलं. खाली बंदरात राहणारं गाव आणि त्याच्या फोनमध्ये राहणारं गाव, दोन्ही एकच आहेत यावर त्याचा विश्वास बसेना.

शेवटी तो टोपी कानांवर ओढून धक्क्यावर उतरला. एक दाढीवाला गडी डेकवरचा बर्फ फावड्यानं ओढत होता.

"ही बोट कुणाची?"

गड्यानं मान वर केली नाही. "आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

बोटीच्या नावाखाली मालकाचं नावही होतं, चांगलं हातभर. ओडवार. तोरगाइरचे कान टोपीच्या आत तापले.

"गुन्वोरचा कॉम्प्युटर बिघडवलास तो तूच ना?"

"मी काही बिघडवलं नाही. फक्त..." पुढचं वाक्य त्याला पाठ होतं, म्हणून त्यानं ते गिळलं. "हो. मीच."

ओडवारनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि फावड्यानं दाखवत शेजारच्या चार बोटींचे मालक सांगितले. पुढच्या धक्क्यावर रोआल्ड इंजिनात डोकं घालून बसला होता. तो दचकून म्हणाला, "तू? इथं? अरे, मी कालच बंद करून चालू केला!"

"कॉम्प्युटरचं नाही रे. शेजारची निळी बोट कुणाची?"

"इतकी वर्षं राहतोस आणि निळी बोट कुणाची ते माहीत नाही?"

तोरगाइरनं मालकाचं नाव विचारून कागदावर उतरवलं. संध्याकाळपर्यंत तो हिंडला. बोटींवरून थर्मासच्या कॉफीचा वास येत होता, माणसं एका डेकवरून दुसऱ्या डेकवर ओरडून थट्टा करत होती. त्याला उत्तरं सगळ्यांनी दिली. वर ये, असं कुणी म्हणालं नाही. त्यानं तरी कधी कुणाच्या कॉम्प्युटरपाशी गरजेपेक्षा जास्त शब्द खर्च केला होता?

रविवारी त्यानं एकेक फाइल उचलून पाण्यावर ठेवली. शेवटी एक उरली. तिच्यावर त्याचंच नाव होतं, आत त्याचा फोन नंबर. बोट तर त्याची नव्हती. ती आधी कुठं होती, हे खूप आठवूनही आठवेना. त्यानं ती लाटा अडवणाऱ्या बांधाच्या बाहेर, मोकळ्या समुद्रात नेऊन ठेवली.

सोमवारी तो गेला तेव्हा गुन्वोर स्क्रीनसमोर होती आणि वायरलेस खरखरत होता. तो अंगातला कोट न काढता दाराशी उभा राहिला. भिंतीकडच्या खुर्चीवर लाइफजॅकेटं तशीच पडलेली होती.

"रोआल्ड एक जागा डावीकडे," ती म्हणाली आणि सरकवलं. "या दोघांची अदलाबदल झालीय. बाकी ठीक." मग तिचं बोट थांबलं. "आणि हे काय? तू समुद्रात काय करतोयस?"

"मला माझी जागा आठवली नाही."

गुन्वोरनं त्याच्या नावाची फाइल उचलली, बांध ओलांडून आत आणली, चढावरून वर नेली आणि बँकेच्या वरच्या पिवळ्या खिडकीवर सोडली. "इथं. कचेरीतून दिवा दिसतो तुझा. रोज."

तेवढ्यात वायरलेसवर कुणीतरी जागा मागितली. गुन्वोर फोटोतलं मोकळं पाणी शोधत त्याच्याशी बोलू लागली. तोरगाइर तसाच उभा. आपलं काम झालं होतं, आता निघायला हवं होतं. त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"अरे, ती जॅकेटं खाली ठेव की," वळून न बघता ती म्हणाली.