पणजीच्या सासूचं नाव

गुरुवारी सकाळी अकरा वाजता अंकल वारले. आखातातल्या फुजैरा बंदरावरच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी जहाजांचे कागद मी एकटीने तपासले.

अंकल वसईचे, ऑफिसात सगळ्यांचेच अंकल. हातात घेतलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. "बाय, कागद बरोबर असतो, आपण घाईनं वाचतो," असं मला सांगत. नव्वदच्या दशकात मी तिथे नोकरीला लागले, आणि काम त्यांच्या शेजारी बसून शिकले.

हीच चिकाटी त्यांनी पणजोबांसाठी लावली. पणजोबा जेम्स रीड स्कॉटलंडचे. रेल्वेच्या पुलाच्या कामावर वसईला आले, पाउलिनाबरोबर संसार केला, आजारी पडून मायदेशी गेले ते परतलेच नाहीत. चर्चच्या वहीतलं लग्नाचं पान वाळवीने खाल्लेलं. मग गावाने पाउलिनाला 'गोऱ्याची ठेवलेली' ठरवलं. अंकलच्या आईला विहिरीवरच्या भांडणात हे ऐकावं लागलं होतं.

स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत माणसाच्या आईबापांची आणि बायकोचीही नावं असतात, हे कळल्यापासून अंकल तिथल्या नोंदणी कार्यालयाला पत्रं लिहीत. इंग्रजी मी तपासून द्यायचे. पण जेम्स रीड ढिगाने होते. आपला कोणता हे ठरवायला त्याच्या आईबापांची नावं हवी होती. अंकलनी ती घरच्या रीतीवरून काढली. थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, थोरल्या मुलीला बापाच्या आईचं. बाप्तिस्म्याच्या वहीत पाउलिनाची मुलं होती डेव्हिड, मग मारिया, मग इझाबेल. म्हणजे जेम्स हा डेव्हिड आणि मारियाचा मुलगा. सात वर्षं एकच उत्तर आलं: अशी नोंद नाही.

समोरच्या टेबलावरचा केरळचा कुट्टी विचारायचा, "अंकल, परदादा मिला क्या?"

"मिला रे. परदादी की सास नहीं मिल रही. यल्ला, तू काम कर."

शेवटी नोंदणी कार्यालयातल्या एका बाईंनीच पत्रातून विचारलं, मारिया हे नाव आलं कुठून? अंकलनी रीत कळवली. बाईंनी लिहिलं, आमच्याकडे थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवतात. बापाच्या आईचं धाकटीला.

ते पत्र अंकलनी शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा वाचलं. "म्हणजे मारिया ही पाउलिनाची आई. बाय, ठेवलेल्या बाईच्या आईचं नाव कोण आपल्या थोरल्या पोरीला देतो?" त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

महिन्याभरात डेव्हिड आणि इझाबेलच्या जेम्सची नोंद आली. बायकोच्या रकान्यात लिहिलं होतं: पाउलिना, वसई, हिंदुस्थान.

"अंकल, शादी मुबारक!" कुट्टी ओरडला. अंकल हसले आणि मग डोळे पुसायला बाहेर गेले.

सुट्टी घेऊन ते वसईला गेले, चर्चच्या आवारात म्हाताऱ्यांना जमवून त्यांनी नोंद वाचून दाखवली. परतल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, आम्ही कुठं काय म्हणत होतो!"

अंकलना त्याच गावच्या दफनभूमीत पुरलं. जवळच पाउलिनाच्या थडग्यावर त्यांनी बसवलेली पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे: 'पाउलिना, जेम्स रीड यांची पत्नी'.