ताईचा काळ्या बिअरचा केक

बेकरीत तिला सगळे ताई म्हणत, मालकीणबाईसुद्धा. मालकीणबाई वयानं तिच्यापेक्षा मोठ्या होत्या, पण केकच्या बाबतीत ताईचा शब्द शेवटचा. बावीस वर्षं ती एकाच भट्टीसमोर उभी होती. केक झाला का हे पाहायला बाकीच्या बायका सुरी खुपसत. ताई भट्टीच्या दाराशी जाऊन नुसता वास घेई आणि म्हणे, "अजून चार मिनिटं." चार म्हणजे चारच.

तिचा धाकटा भाऊ तिच्याजवळच राही. अठ्ठेचाळीस वर्षांचा गडी, पण तिच्या लेखी तो छोटूच. दोन गल्ल्या सोडून त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अकरा वर्षं तो दारू पीत होता. त्यात संसार गेला, दोन नोकऱ्या गेल्या, आणि एक दिवस एक पिशवी घेऊन तो बहिणीच्या दारात उभा राहिला. त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यानं थेंब घेतला नव्हता, आणि घरात खोकल्याचं औषध आणलं तरी ताई आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून काढी.

त्यामुळे बेकरीसमोर बिअरचा छोटा कारखाना निघाला तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. कारखानदार दाढीवाला होता, सगळे त्याला दाढीवालाच म्हणत. माणूस सरळ आणि बोलघेवडा. महिनाभरानं तो काळ्या बिअरच्या सहा बाटल्या घेऊन मागच्या दारानं आत आला.

"हिच्यात भाजलेल्या धान्याचा वास आहे, कॉफीसारखा. चॉकलेटच्या केकात घालून बघा."

"मी हिला हातसुद्धा लावत नाही," ताई म्हणाली.

मालकीणबाईंच्या मात्र ते डोक्यात बसलं. दोन दिवस त्यांनी भुणभुण लावली. शेवटी ताईनं जेवताना छोटूला विचारलं.

"तुझं काम आहे ते," तो म्हणाला. "मी कशाला आड येऊ? भट्टीत उडून जाते ना सगळी?"

"जाते की," ताई म्हणाली. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

पहिला केक फसफसून वर आला आणि मधोमध बसला, कुणीतरी बुक्की मारावी तसा. दुसऱ्यांदा तिनं बिअर खळखळून उकळली, तर केक काढ्यासारखा कडू झाला. तिसऱ्यांदा तिनं बिअर आदल्या संध्याकाळी उघड्या पातेल्यात ओतून ठेवली, फेस पुरता मरू दिला. सकाळी मंद आचेवर लोणी त्यात विरघळवलं, कोको घातला, आणि ते कोमट झाल्यावरच अंडी आणि मैदा. साखर मात्र थोडी वाढवावी लागली. हे सगळं तिनं न चाखता केलं. चाखायचं काम मालकीणबाईंचं. तिसऱ्या केकाचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि लगेच दुसरा घेतला.

केक चालला. दुपारच्या आत संपू लागला. ताई मात्र घरी निघताना कपडे बदलून कोपरापर्यंत हात धुई.

एकदा बोलता बोलता दाढीवाला म्हणाला, "सगळी काही उडत नाही, ताई. थोडी राहतेच. केकभर वाटली गेली की कळत नाही, एवढंच."

ताईच्या हातातला डाव थांबला. घरी जाऊन सांगायला हवं होतं. त्या रात्री जेवताना छोटू एका म्हाताऱ्याच्या सायकलीची गोष्ट रंगवून सांगत होता, खूप दिवसांनी एवढा हसत होता. तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. पुढे ती मूग गिळून बसली ती बसलीच.

आठ महिन्यांनी एका सकाळी ती चष्मा घरी विसरली. छोटू तो घेऊन बेकरीत आला. ताई आत साचे भरत होती. मालकीणबाईंनी आपुलकीनं त्याच्यापुढे बशी सरकवली. ताई हात पुसत बाहेर आली तेव्हा काउंटरवर चष्मा होता, शेजारी दोन घास खाल्लेला केकाचा तुकडा होता, आणि भाऊ नव्हता.

"घाईत दिसले," मालकीणबाई म्हणाल्या. "तसाच टाकून गेले."

"काय दिलंत त्याला?"

"आपला काळा केक."

भट्टीत आठ साचे होते. ते तसेच टाकून, एप्रनसकट ती रस्त्यावर आली.

दुकान उघडं होतं. एक सायकल उलटी टांगलेली, पाना खाली पडलेला, माणूस नाही. ती कोपऱ्यावरच्या बारपर्यंत गेली, काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, एक माणूस फरशी पुसत होता. ती परत फिरली. छोटू समोरून येत होता. केस ओले, कॉलर ओली. सार्वजनिक नळाखाली त्यानं डोकं धरलं होतं.

"कुठं गेली होतीस?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायचं बळ आता तिच्या अंगात राहिलं नव्हतं. "बारमध्ये बघायला."

तो दुकानाच्या पायरीवर बसला. "मीही तिथंच गेलो होतो. दारापर्यंत. मग वळलो." ओली कॉलर पिळत म्हणाला, "उडून जाते म्हणाली होतीस."

"तेव्हा तसंच वाटत होतं. नंतर कळलं. सांगितलं नाही."

"कधी कळलं?"

"आठ महिने झाले."

ओल्या हातानं पाना उचलून त्यानं मांडीवर ठेवला.

"मी बंद करते तो केक," ताई म्हणाली.

"नको. मग तो माझ्यामुळे बंद झाला असं होईल. ते ओझं मला नको. तू सांगत जा फक्त. मलाही आणि खाणाऱ्यालाही. मी काय खातोय ते मला माहीत असलं की माझं मी बघतो."

परत येईतो आठही केकांचा कोळसा झाला होता. त्या दिवशी ताईनं पुठ्ठा कापून जाड अक्षरांत लिहिलं: या केकात बिअर आहे, भाजल्यावरही थोडी उरते. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढं कशाला? लोकांना माहीतच आहे." ताईनं पाटी केकासमोर उभी केली आणि आत निघून गेली. पाटीला कुणी हात लावला नाही.

घरी पुढचे पंधरा दिवस छोटू मोजकंच बोले. ताईनं त्याच्यासाठी भाजलेले जव उकळून, बिअरऐवजी त्या पाण्यात एक केक करून पाहिला. तो त्यानं शेवटच्या कणापर्यंत खाल्ला आणि म्हणाला, "खरं सांगू? भुशासारखा लागतो." ताईला हसू आलं, मग त्यालाही आलं. त्यानंतर घर पहिल्यासारखं बोलतं झालं. छोटू पुन्हा बेकरीत यायला लागला, पण काउंटरच्या अलीकडेच उभा राही.

काळा केक ताई अजून करते. पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक बसचा कंडक्टर आला होता, रोजचं गिऱ्हाईक, रोज तोच केक मागणारा. त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग बोट शेजारच्या लिंबाच्या केकाकडे केलं. ताईनं तुकडा नेहमीपेक्षा जरा जाड कापला आणि कागदात बांधून दिला.