दूध, ऊन आणि आबांचं कॅल्शियम

आबांच्या रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा, नातवंडांनो, मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, चला, माझ्या दुधाचा उपयोग झाला... तुमच्या आबांना जाऊन आता सहा आठवडे झाले. फोनवर मी तुम्हाला ‘फुप्फुसात बुरशीचा संसर्ग झाला’ एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण पूर्ण नाही.

दिवाळीनंतर त्यांचा खोकला हटेना. अंगावरचं मांस झडत चाललं. मी माझ्या पद्धतीने कंबर कसली. गुडघ्यांसाठी पूर्वी कधीतरी लिहून दिलेली कॅल्शियमची गोळी पुन्हा सुरू केली, दोन्ही वेळा पेला भरून दूध, आणि दहा ते बारा अंगणात बसणं. तात्यापाऱ्याच्या दाट वस्तीतल्या आमच्या घराला ऊन तेवढंच मिळतं. आबांना सारखी तहान लागे, पोट साफ होईना, तुमची नावं चुकू लागली. मी ते वय समजले आणि दूध वाढवलं.

“मले नको वाटून राहिलं गं,” ते म्हणत. मी पेला हातात देऊन समोर उभी राहायची. “हेडमास्तरीण,” असं पुटपुटत ते संपवायचे.

एका सकाळी ते उठवूनही नीट जागे होईनात, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की बुरशीशी लढताना फुप्फुसातल्या पेशी व्हिटॅमिन डी तयार करत सुटतात, त्याने रक्तात कॅल्शियम चढतं. वर माझं दूध, गोळी आणि ऊन. माझ्यामुळे झालं का, असं मी विचारलं. मूळ दुखणं बुरशीचंच, ते उशिरा कळलं, असं त्या म्हणाल्या. ‘नाही’ मात्र म्हणाल्या नाहीत.

सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम उतरलं, आणि तीन दिवस आबा अगदी पूर्वीसारखे बोलले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

“काहून रडून राहिली? दूध बेकार होतं. ऊन बरं वाटे मले.”

चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली... फुप्फुसांनी पुढे साथ दिली नाही.

अंगणातल्या नव्या फरशीवर लांब चरे आहेत. ऊन सरकलं की आबा खुर्ची उचलायचे नाहीत, ओढत न्यायचे. मी रोज रागवायची. तेरावा झाल्यावर तुमच्या बाबांनी फरशी घासायला माणूस बोलावला. मी त्याला चहा देऊन परत पाठवलं.