थोडे दिवस राज्य केलेला देव

तानुबाईच्या हातात भिजल्या चिंचेचा गोळा होता आणि देव घासायचं काम निम्म्यावर आलं होतं. बिरोबा, मायाक्का आणि खंडोबा हे पितळी टाक लखलखीत होऊन धुतल्या फडक्यावर जाऊन बसले होते. घंटी, निरांजन आणि गडवा काळवंडल्या तोंडानं परातीतच पडून होते. शनिवार होता. बारा वाजता शेजारची रेश्मा नवस फेडायला येणार होती, म्हणून तानुबाईला घाई होती.

सायुकराजाला मात्र चिंच लावायची नसते. त्याच्यावर नुसतं पाणी ओतायचं, पदरानं टिपायचं आणि तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, अशी सासूबाईंची, म्हणजे हरणाबाईंची शिकवण. पंचाहत्तर वर्षांचा शेंदूर चढून चढून हा देव तळहाताएवढा आणि चांगला गुबगुबीत झाला होता. तानुबाईनं त्याला डाव्या हातात धरलं, उजव्यानं पाणी ओतलं, आणि कट् करून आवाज झाला. शेंदराचा अख्खा थर कवचासारखा सुटून तिच्या ओंजळीत आला.

"अगं बया! देवानं खोळ टाकली!"

देव खोळ टाकतो हे तिला माहीत होतं. माहेरी, म्हसवडकडच्या वाडीत, वेशीवरच्या मारुतीनं एकदा टाकली होती तेव्हा गावानं वाजतगाजत ती नदीला नेली होती. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण खोळीतून निघाला तो मारुतीसारखा दगड नव्हता. निघाली ती पितळेची लंबगोल चकती. पाठीला दोन कड्या, आणि तोंडावर अक्षरं.

चुलीपाशी चहा पीत बसलेली नात सोनिया उठून आली. विट्याच्या कॉलेजात शिकणारी पोरगी, तिनं मोबाइलचा उजेड पाडून वाचलं. "संयुक्त राज्य. मधलं पुसलंय. खाली काय... आजी, शिपाई लिवलंय. शिपाई, नंबर तीन."

"देवाला नंबर असतोय व्हय गं?"

"आजी, ही पट्ट्याची चकती हाय. कचेरीतलं शिपाई कमरंला लावायचं पूर्वी."

तानुबाईनं चकती आपल्या हातात घेतली. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन ती वाचायला शिकली होती, त्या जोरावर रोज पोथीचं एक पान बोट ठेवून वाचायची. तिनं बोट ठेवलं. शि. पा. ई. बोट तिथंच राहिलं.

"संयुक्त राज्य," सोनिया पुन्हा म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "सायुकराजा!" तिला हसू फुटलं, पण आजीचं तोंड बघून तिनं ते गिळलं. "सरांना फोटू पाठवू का?"

"कुनाला कायबी पाठवायचं न्हाई. आदी मला रेश्माला काय सांगायचं त्ये कळू दे."

कारण प्रश्न नुसता पितळेचा नव्हता. रेश्मानं अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागावं यासाठी याच देवापुढं पदर पसरला होता, आणि पदर पसरायला तिला तानुबाईनंच आणलं होतं. "आमच्या सायुकराजाला बोलून दावाय लागत न्हाई, मनातलं वळखतो," असं तिनंच सांगितलं होतं. गेल्या महिन्यात रेश्माची निवड झाली. आता ती पुरणाचा निवद घेऊन येणार, आणि देव्हाऱ्यात बसलाय कोण, तर शिपाई नंबर तीन.

तानुबाई एकाहत्तर सालच्या वैशाखात या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याआधी तिनं शाळा पाहिली नव्हती, मेंढरं पाहिली होती. बापाच्या मागं कोकणाच्या तोंडापर्यंत चालत जाऊन यायची. सासर आटपाडीजवळच्या वाडीत. चार खणांचं घर, पुढं वाघर, म्हणजे मेंढरांचं जाळीचं कुंपण. लग्नानंतर पाचव्या दिवशी हरणाबाईंनी देव्हारा दाखवला. बिरोबा तिच्या ओळखीचा, मायाक्का ओळखीची. "आनि आत्याबाई, ह्यो कोन?"

"ह्यो सायुकराजा. ह्येला पयला निवद. ह्यो आपल्या घराचाच हाय, दुसऱ्या कुनाच्यात न्हाई."

तिनं सासऱ्यांना विचारलं. नाथाजी म्हणजे उंच, वाळकं माणूस, बोलायला कंजूष. ते दारात चपला घालत होते. थोडा वेळ सुनेकडं बघून म्हणाले, "लय थोडं दिस राज्य केलं त्येनं. पन कुनाला तरास दिला न्हाई." आणि मिशीत हसून मेंढरामागं गेले.

एवढं वाक्य तानुबाईला चोपन्न वर्षं पुरलं. कुणी विचारलं की ती तेच सांगायची, आणि बाया माना डोलवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर ती त्याच्यापुढं बसायची. चौदा वर्षांचा मुलगा धनाजी सोनं गाळायच्या गलाईकामाला मदुराईला गेला आणि दोन महिने त्याचं पत्र नाही, तेव्हा तिनं याचेच पाय धरले होते. पाय नव्हते, पण धरले होते. चौथ्या दिवशी पत्र आलं. आता धनाजीचं तिथं स्वतःचं दुकान आहे, टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी आलंय, मेंढरांच्या जागी डाळिंब आहे. तिचे मालक, गुंडाबापू, सहा वर्षांमागं गेले ते झोपेत, कुणाला न राबवता. तिला वाटायचं, आपलं सगळं कसं रीतीनं झालं. कुणीतरी बघत होतं म्हणून झालं.

तिनं चकती पदरात बांधली, खोळ ताटलीत झाकली आणि शेजारच्या घरात दिरांकडे गेली. नानासो म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, पलटणीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे. दाढीला साबण लावून आरशापुढं बसले होते.

"भावजी, ह्ये काय हाय, सांगा."

नानासोंनी चकती बघितली आणि वस्तरा खाली ठेवला. "घावलं म्हणा की."

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. मला भरतीला जाताना आटपाडीच्या स्टँडवर बाबांनी सांगितलं. म्हणलं, घरात तुज्याशिवाय कुनाला न्हाई म्हाईत, आनि सांगू नगंस."

"आनि तुमी चोपन्न वरसं माज्याकडनं पट्ट्याला निवद दाखवून घेतलासा!"

"आवं वैनी, शिव्या द्या, पन साबण वाळतोय, बोलू द्या." नानासोंनी अर्ध्या तोंडाचा साबण पुसला आणि स्टुलावर नीट बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात. औंध, भोर, फलटण अशी आठ लहान संस्थानं इंग्रजाच्या छत्रीखाली होती. "छत्री मिटाय लागली, तशी सगळी एकमेकांच्या आसऱ्याला आली. म्हणली, एकट्यानं भिजण्यापेक्षा एक राज्य करू. सत्तेचाळीसच्या डिसेंबरात केलं, संयुक्त राज्य. अठ्ठेचाळीसच्या मार्चात मुंबई इलाख्यात गेलं. तीन म्हैनंबी भरलं न्हाईत."

नाथाजी कचेरीत शिपाई होते. नव्या राज्याची नवी चकती कमरेला लागली तेव्हा त्यांना कोण आनंद. हुकमाचे कागद घेऊन गावोगाव चालत जायचे. म्हणायचे, पूर्वी हद्द आली की माघारी फिरावं लागायचं, आता पलीकडच्या संस्थानातलं पाणीबी आपलंच. त्याच दिवसांत हरणाबाईंशी लग्न झालं होतं. नवी नवरी नवऱ्याच्या कमरेवरची चकती राखेनं घासून द्यायची आणि विचारायची, ह्ये काय लिवलंय? ते सांगायचे, संयुक्त राज्य.

"मग राज्य मोडलं," नानासो म्हणाले. "सगळ्या शिपायांनी पट्टं जमा करा, असा निरोप आला. बाबा जमा कराय गेलं. हितल्या कचेरीत म्हणलं, ह्ये आमचं न्हाई, औंधाला जा. बाबा चालत औंधाला. तितं म्हणलं, त्ये राज्यच न्हाई आता, घ्यायचं कुनी? साताऱ्याला जा. साताऱ्याच्या सायबानं चकती उलटीपालटी केली आनि म्हणला, ही आमच्या यादीत न्हाई, तुलाच असू दे. बाबा म्हणलं, मला कशी असू दे? सरकारी हाय. सायब हसला. बाबा न्हाई हसलं. आठ दिसांनी वाडीत आलं, चामड्याचा पट्टा तेवढा फाटला हुता. चकती देव्हाऱ्यात ठेवली आनि आईला म्हणलं, ह्येला हात लावू नगंस, घासू नगंस. कवातरी कोन मागाय आला तर जशीच्या तशी द्यायची."

"आनि आत्याबाईंनी..."

"आईनं बघितलं, नवऱ्यानं देवाशेजारी ठेवलंय, हात लावू नगं म्हणतोय. मग लावलं हळद-कुकू. बाबा पुन्ना चार दिस परगावी गेलं, परत येत्यात तर शेंदूर! आता काय बोलावं? आई रोज हात जोडाय लागली. बाबा म्हणलं, बरंच हाय, जपून तरी ऱ्हाईल."

तानुबाई हसली नाही. तिला तो दारात चपला घालणारा माणूस दिसला. लय थोडं दिस राज्य केलं त्येनं. सासऱ्यांनी तिला खोटं सांगितलं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

"मागाय कोन आलं का कवा?"

"कोन येनार? राज्यच न्हाई. पन बाबा एकोणनव्वदला गेलं, तवर दारात खाकी कपडा दिसला की उटून उबं ऱ्हायाचं. मला वाटायचं पोलिसाला भित्यात. भीत नव्हतं, वाट बघत हुतं." मग नानासो जरा खाकरले. "आता तुमाला एक सांगतो, सोनियाला सांगू नगा. एकाहत्तरच्या लढाईला जायच्या आदी मीबी ह्येच्यापुढं नारळ फोडला हुता. ठावं असून."

"का?"

"आई फोडत हुती, मी कसा न्हाई म्हणू? आनि पावला की. बसलोय तुमच्यापुढं."

घरी येताना तानुबाईनं ठरवलं होतं की रेश्माला सांगायचं. नवस म्हणजे बोललेला शब्द. कुणाला दिला हे माहीत नसताना तो फेडून घेणं तिला पटत नव्हतं, मग पोर रडो की रागवो.

रेश्मा बाराच्या आधीच आली, नवी साडी नेसून, डोक्यावर ताट आणि ताटावर रुमाल. तानुबाईनं तिला पाटावर बसवलं, चकती तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कवचापासून साताऱ्याच्या साहेबापर्यंत. मधे कुठं थांबली नाही, थांबली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

रेश्मानं चकतीवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा पडला. "मग आत्ती, मी नवस बोलले त्यो कुनाला?"

तेवढ्यात दारातून नानासो आत आले, दाढी निम्मीच झालेली. "अगं पोरी, त्वांड का पाडतीस? सरकारी नोकरीला सरकारीच देव पावला!"

सोनिया फिसकन हसली. रेश्माही तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आत्ती, तुमच्या धनाजीदादाचं पत्रबी ह्येनंच आणलं हुतं म्हणा की!"

"मग?" तानुबाई पटकन म्हणाली. "पत्र आणायचं काम शिपायाचंच." आणि हे बोलल्यावर तिच्या मनात कधीपासून अडलेलं काहीतरी मोकळं झालं. देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीवर पितरांचे टाक होते, त्यात नाथाजींचा होता, उभा, हातात काठी घेतलेला. ती त्याच्याकडं बघत राहिली. कुणी न मागता आठ दिवस चालत दुसऱ्याची वस्तू परत करायला गेलेला माणूस. घेतली नाही तर जन्मभर सांभाळलेली. देवघरात बसायला आणखी काय लागतं?

"रेश्मा, तुजा शब्द वाया न्हाई गेला," ती म्हणाली. "तू मामंजींना बोललीस. त्यो पट्टा त्येंचा, त्ये राखण करत्यात. तुलाबी पोरांचा खाऊ राखायचाय, एक दाना हिकडचा तिकडं करायचा न्हाई. त्येंनी पायलं आसंल तुज्यात कायतरी."

रेश्मानं मान हलवली. मग सावकाश म्हणाली, "असल्या मानसाला बोलले, तर बरंच झालं आत्ती."

तानुबाईनं चिंचेचा गोळा पुन्हा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सायुकराजाला घासलं, कडेकडेनं, अक्षरांत बोट घालून. चकती उजळली. ती तिनं वरच्या ओळीत न ठेवता खालच्या पायरीवर, नाथाजींच्या टाकाला टेकवून ठेवली. कुणी मागायला आला असता, तर लगेच हाताला लागली असती. मग घंटी, निरांजन, गडवा घासून काढले. सोनियाला म्हणाली, "आता काड फोटू. सरांना सांग, वस्तू घरात हाय, बघाय या. द्यायची का न्हाई, त्ये मामंजींना इचारून सांगीन."

रेश्मानं पुरणाची पोळी पुढं ठेवली तेव्हा नानासो म्हणाले, "वैनी, बाबांना पुरन कवा गोड लागलं? त्येंना बाजारची शेव लागायची, तिकट."

"व्हय की!" तानुबाईनं कपाळाला हात लावला. सासरे शनिवारी बाजारातून यायचे तेव्हा त्यांच्या मुंडाशाच्या सोग्यात शेवेची पुडी असायची, आणि सुनेला ते त्यातली मूठभर न बोलता द्यायचे.

पोळी त्यांनी सगळ्यांनी मिळून खाल्ली, दूध घालून. मग तानुबाईनं शेंदराची खोळ पांढऱ्या फडक्यात बांधली, पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. वाटेत कालव्यात खोळ सोडायची होती, आणि आटपाडीच्या बाजारातून पावशेर तिखट शेव आणायची होती.