सत्तेचाळिसाव्याला जोडीदार

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आयुष्यभर मी लोकांच्या खोड्या काढल्या. देवळाबाहेर चपलांचे जोड बदलले, व्याह्यांच्या चहात मीठ घातलं. पण चांदीचं विष करायचा उद्योग मी एकदाच केला. तोही मायेनं!

मी हुपरीचा. पन्नास वर्षं चांदीची पैंजणं घडवली. शाळा पाचवीपर्यंत, तीही अधूनमधून. आमची नात प्राजू नववीला. पेठ वडगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. तिथं निवड झाली की थेट कोल्हापूर! पोरीनं ध्यासच घेतलेला. महिनाभर खपून ती चांदीचा अणू करत होती, आणि डाख देऊन मणी जोडायला तिनं मला बसवलं होतं.

मधोमध मण्यांचा गड्डा. सत्तेचाळीस पांढरे मणी, ते प्रोटॉन. बासष्ट काळे, ते न्यूट्रॉन. भोवती तारेची पाच कडी, त्यांवर सत्तेचाळीस बारके घुंगरू. ते इलेक्ट्रॉन.

"जितकं प्रोटॉन तितकंच इलेक्ट्रॉन, आज्जा. तरच तोल राहतोय," प्राजू म्हणाली. "आणि खरा अणू असा दाटीवाटीचा नसतोय. हा गड्डा मिऱ्याएवढा धरला, तर तो कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात मधोमध ठेवायचा. इलेक्ट्रॉन पार कडंला, बघ्यांच्यात हिंडत्यात."

"आणि मधी काय?"

"काय न्हाय. मोकळं."

ऐकलंत? पन्नास वर्षं मी ठोकत होतो ते सगळं मोकळंच! मी हातोडी खाली ठेवली. दुपारचं ऊन दारातून आत येऊन मण्यांवर लोळत होतं. मला वाटायला लागलं, ही भिंत मोकळी, हा पाट मोकळा, मीसुद्धा मोकळाच. आपण सगळे नुसते उन्हात तरंगतोय. फार बरं वाटलं बघा. आणि मला बरं वाटलं की माझे हात शिवशिवतात.

दोन काळे मणी हळूच खिशात टाकले.

प्राजूनं मोजले. "साठच! आज्जा, खिसा दाव."

मी कसला दावतोय? पण ती चिडलीच नाही. "असू दे. साठ न्यूट्रॉनची चांदी बी असती खरी. न्यूट्रॉन कमी झालं तर वजन उतरतंय, नाव बदलत न्हाय."

म्हटलं, हे बेस आहे! एखादा मणी इकडंतिकडं झाला तरी चांदी ती चांदीच. पुढं ती प्रोटॉनबद्दल काहीतरी सांगत होती. पण तोवर मी उन्हाबरोबर तरंगत खासबागेत पोचलो होतो. सगळी फजिती त्या डुलकीत आहे!

दुसऱ्या दिवशी प्राजू शाळेला गेली. अणू तयार, पाटावर चमकत बसलेला. मी एकटाच बघत होतो. आतल्या कड्यावर दोन घुंगरू, मग आठ, मग अठरा, मग अठरा. आणि सगळ्यात बाहेरच्या कड्यावर?

एक! एवढ्या लांबच्या फेरीत, एकटाच!

आमच्या धंद्यात सगळा माल जोडीनं. पैंजणाचा एक पाय आम्ही घडवत नाही, कुणी घेत नाही. आणि खुद्द चांदीच्याच पोटात हा बिचारा बिनजोडीचा? मी म्हटलं, थांब लेका, तुला सोबत देतो. दिला शेजारी एक घुंगरू डाखून. कसे शोभत होते दोघं!

मग आठवलं, तोल! एक घुंगरू वाढला तर एक पांढरा मणीही वाढायला पाहिजे. तोही दिला बसवून. आता सांगा, ह्यापेक्षा हुशार आज्जा कुठं मिळेल?

प्रदर्शनात मी प्राजूच्या मागं छाती काढून उभा. परीक्षक म्हणून कॉलेजातल्या एक बाई आल्या. पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी मणी मोजले. घुंगरू मोजले. परत मणी मोजले.

"बाळ, पाटीवर तर चांदी लिहिलंयस. हे कॅडमियम आहे. विषारी धातू."

"न्हाय बाई, सत्तेचाळीस..." प्राजूनं मोजलं. अठ्ठेचाळीस. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. चहात मीठ लागल्यावर व्याह्यांनीसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

"बाई, पोरीचा दोष न्हाय," मी पुढं झालो. "मीच घातला. बाहीर एकटाच हुता ओ त्यो!"

बाई हसल्या. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुरुस्त करा."

दुरुस्त? माझा डाख? पन्नास वर्षांत एक सुटलेला नाही! पक्कड घरी. नखानं ओढलं, किल्लीनं उचकलं, शेवटी दातानं धरून हिसडा दिला. दात निघाला. मणी तिथंच!

"ऱ्हाऊ दे आज्जा," प्राजू म्हणाली. डोळे पुसून तिनं पाटी उलटी केली आणि लिहिलं: 'एका प्रोटॉननं चांदीचं कॅडमियम कसं होतं.' सुट्टीनंतर बाई आल्या तर पोरगी धडाधडा सांगायला लागली. नाव प्रोटॉन ठरवतो. वजनात भर न्यूट्रॉनची. आणि वागणूक बाहेरच्या इलेक्ट्रॉनची.

"आणि आज्जा, त्यो एकटा नव्हताच," ती माझ्याकडं वळली. "चांदीच्या तुकड्यात प्रत्येक अणूचा त्यो एकटा सुटून सगळ्यांच्यात हिंडत असतोय. म्हणून तर चांदीतनं वीज इतकी झकास पळती."

एवढी गर्दी हिंडत होती माझ्या हाताखाली, आणि मी सोबत शोधत होतो!

निवड झाली. कोल्हापूरला मलाही नेलं, अणूशेजारी उभं करायला. गळ्यात पाटी: 'वाढीव प्रोटॉन ह्यांनी घातला.' येणारा जाणारा वाचायचा, माझी दाताची फट बघायचा आणि हसायचा.

घरी आल्यावर सगळी हकीकत ऐकून आमची मंडळी म्हणाली, "अवं, इतकी वर्सं मला वाटायचं, ह्या माणसात कायतरी एक कमी हाय. आज कळलं. कमी न्हाय, एक जास्तच हाय!"

तेव्हापासून दुपारी उन्हात पडलो, की डोळे मिटून आतल्या आत माझे मणी मोजत बसतो. दर वेळी अठ्ठेचाळीसच भरतात बघा.