आखाडातली ओली भुई

हरणाबाईला उंदराची भीती होती. ती सहा वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गावात उंदीर पडायला लागले, गाव उठून शिवारात खोपी घालून राहिलं, आणि आठ दिवसांच्या आत तिचे आई-बाप दोघंही गाठीच्या तापानं, प्लेगानं गेले. पाल्याच्या खोपीत आई अंग टाकून पडलीय आणि हातानं खूण करून लेकीला लांब राहायला सांगतेय, एवढंच तिला आठवायचं. पुढं मामानं वाढवलं, अकराव्या वर्षी लग्न करून दिलं, आणि ती इस्लामपूरपासून चार कोसांवर, कृष्णाकाठच्या एका लहानशा गावात नांदायला आली.

तिचं घर बघायला बायका मुद्दाम यायच्या. तीन खणांचं मातीचं घर, पण कुठं केर नाही की कोळिष्टक नाही. सकाळी चूल पोतारल्याशिवाय ती विस्तव घालायची नाही. भांडी राखेनं घासायची, तांब्या-पितळेला चिंच लावायची, गोधड्या रिठ्याच्या पाण्यात बुचकळून नदीवर आपटायची. जोंधळ्याच्या कणगीत कडूलिंबाचा पाला, आणि दर शनिवारी निखाऱ्यावर लिंब अन् ओवा टाकून घरभर धूर. भिंतीला बोटाएवढं बीळ दिसलं तरी त्यात फुटक्या काचा कोंबून वरून चिखलानं लिंपायची. आणि सारवण तर असं, की वाळल्यावर भुईवर हाताच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून दिसाव्यात. लग्नघरातून तिला बोलावणं यायचं. "हरणाबाईचा हात लागला की भुई बोलती," असं म्हणायचे. त्यामागं आवड किती आणि भीती किती, हे मात्र ती कुणाला सांगायची नाही.

त्रेचाळीस सालचा आखाड. नवरा लालासाहेब पलटणीत होता, समुद्रापलीकडं लढाईवर. तीन-चार महिन्यांतून एखादं पत्र यायचं. घरात ती आणि सासू धोंडुबाई. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला माणूस आवाजावरनं कळायचं. धाकटा दीर जोतीराम मात्र घरात नव्हता. वर्ष झालं, तो भूमिगत झाला होता. कधी संस्थानच्या हद्दीत सांगलीकडं, कधी डोंगरात. थोरला सरकारच्या पलटणीत आणि धाकटा सरकारच्या विरोधात, असं ते घर होतं. पोलीस एकदा येऊन विचारून गेले होते. तेव्हापासून दारात कुणाच्या वहाणा वाजल्या तरी हरणाबाई हातातलं काम टाकून दाराकडं बघायची.

त्या दिवशी ती भांगलणीला गेली होती. पावसानं जोर धरला म्हणून दुपारीच परत आली. डोक्यावरचं पोतं दारात झटकलं, आत आली आणि जागेवर थिजली. माजघराच्या मधोमध, खाटेएवढ्या लांबीची भुई उकरून परत बुजवलेली होती. माती ओली, काळी, वर-खाली झालेली. कुणीतरी त्यावर शेण फासलं होतं, पण ते पुरुषाच्या हाताचं. जाड, ढेकळांसकट, वाटेल तसं.

"आत्ती, ह्ये काय? कुणी उकरली भुई?"

धोंडुबाई चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं आवाज अगदी बारीक केला. "जोत्या आल्ता. दोन बंदुका हायत्या गोणपाटात गुंडाळल्याल्या. पंधरा दिसांत न्हेतो म्हनला. कुनाला बोलू नगंस, बाई."

हरणाबाईनं आधी दार लोटून घेतलं. बंदुका! घरात सापडल्या तर काय होईल, ते तिला एका क्षणात सगळं दिसलं. सासूला फरफटत नेतील. तिला कोठडीत घालतील. आणि तिकडं पलटणीत नवऱ्याला विचारतील, तुझ्या घरात सरकारवर चालवायच्या बंदुका कशा? फौजेतल्या माणसाला गोळी घालतात, असं तिनं ऐकलं होतं.

तिचे हात आपोआप कामाला लागले. ते ठिगळ असं ठेवून चालणार नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. तिनं गोठ्यातून ताजं शेण आणलं, चाळलेली माती कालवली, आधी ती जागा धोपटण्यानं चोपून सपाट केली. पण तेवढीच जागा सारवली तरी ती वेगळी दिसणारच. म्हणून तिनं कोपऱ्यापासून सगळं माजघरच सारवायला घेतलं.

अर्धं सारवून झालं असेल, तोच शेजारची बयाबाई डोक्यावर सूप धरून धावत आली. वयानं मोठी, तोंडानं फटकळ, पण हरणाबाई परगावची पोरकी पोर म्हणून आल्या दिवसापासून तिला जीव लावणारी. बयाबाईची लेक अंबू बाळंतपणाला आली होती. मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते.

"हरणे, ऐकलंस का? पलीकडच्या गावात पोलीस आल्यात. घरोघर झडती. हातात पहारी हायत्या. कुठं भुई ओली दिसली की खनायचीच, असं चाललंया. तितनं हिकडंच येनार म्हनं." बोलता बोलता तिची नजर खाली गेली. "आन् ह्ये काय? भर आखाडात घर काडलंस सारवायला? वाळायचं कवा ह्ये?"

हरणाबाईचा हात शेणकाल्यात तसाच राहिला. ओली भुई दिसली की खणायचीच! आणि आता तिचं सगळं माजघर ओलं होतं. या हवेत ते दोन दिवस वाळणार नव्हतं. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. आणि तोंडातून जे बाहेर पडलं, ते तिनं ठरवलेलं नव्हतं. जन्मभर ज्याला ती भ्यायली होती तेच बाहेर पडलं.

"आक्का, उंदीर पडला."

बयाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कुठं?"

"हितंच. मधी. तोंडातनं रगात आल्तं. जाळला म्या परड्यात."

बयाबाईनं छातीवर हात मारला आणि आली तशी पळाली. "अंबे, पोरीला उचल! उंदीर पडला गं!" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. हरणाबाईला उठून तिला थांबवायचं होतं, पण थांबवून सांगायचं काय?

घटकाभरात गल्ली उलथीपालथी झाली. कुणी लिंबाचे डहाळे तोडून आणले, कुणी दारात धूर घातला. बायका पदर खोचून घरं सारवायला लागल्या. पुरुष खोपीसाठी वासे आणि कडबा काढायला लागले. म्हातारी माणसं पहिल्या साथींच्या आठवणी काढून कण्हत होती. गाडीत गाडगी-मडकी चढत होती. आणि या सगळ्याच्या मध्यात, खाकी कपड्यातली सात-आठ माणसं वेशीतून आत आली.

जमादार हरणाबाईच्याच दारात आला. जोतीरामचं घर त्याला पाठ होतं. मागं एक शिपाई पहार घेऊन. हरणाबाई माजघरात त्या जागेवरच गुडघ्यांवर बसलेली, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. उठावं हे तिला सुचलंच नाही.

"काय चाललंय हे? भुई कशाला सारवली?"

"उंदीर पडला, सायेब."

"खरं सांग!"

"खरंच सायेब. हितंच मेला हुता." तिनं बोट दाखवलं, आणि ते नेमकं बंदुकांवर होतं. लगेच तिनं हात परत शेणात खुपसला.

जमादारानं उंबऱ्यावर ठेवलेला बूट मागं घेतला. "जा, आत जाऊन बघ," तो शिपायाला म्हणाला. शिपाई हलला नाही. नवखा असावा, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "माझी दोन पोरं हाईत, सायेब," तो एवढंच बोलला. जमादारानं शिवी हासडली, पण स्वतःही आत आला नाही. शिपायानं उंबऱ्यातूनच वाकून, हात लांबवून पहारीनं दोन ठिकाणी टोचलं. पहारीचं टोक हरणाबाईच्या गुडघ्यापासून दोन हातांवर भुईत घुसलं आणि नुसती माती घेऊन वर आलं. आणखी हातभर पुढं आलं असतं तर लोखंडावर लोखंड वाजलं असतं.

चुलीपासून धोंडुबाई म्हणाली, "बगा की बाबा, आत येऊन बगा. मला तर दिसतबी न्हाई."

ते गेले. बाहेर बायकांना दटावत, नाकाला रुमाल लावून, गल्लीच्या गल्ली सोडून गेले. हरणाबाईनं पहारीची दोन्ही भोकं शेणानं बुजवली.

तिला वाटलं होतं, आता सुटलो. पण खरी भीती त्यानंतरच सुरू झाली. गाव शिवारात गेलं. तिलाही सासूला घेऊन जावं लागलं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. कडब्याच्या खोपी, खाली चिखल, वरून पाऊस. तिची खोप बयाबाईच्या खोपीपासून वीस पावलांवर. अंबूची नऊ दिवसांची पोर ओल्या गोधडीत. पहिल्या दिवशी तिचं रडणं जोरात होतं. दुसऱ्या दिवशी बारीक झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी रडणं बंद झालं आणि त्याऐवजी छातीतून घरघर यायला लागली.

हरणाबाई ती घरघर ऐकत बसून राहिली. गाव परत नेलं तर पोर वाचेल. पण परत न्यायचं तर उंदीर पडलाच नव्हता हे सांगावं लागणार. मग भुई का सारवली? बयाबाईचं तोंड फटकळ. तिच्या पोटात राहिलं नाही तर? सासू, दीर, नवरा, सगळे डोळ्यांपुढून गेले. मग तिला खोपीतली आपली आई दिसली. त्या वेळी उंदीर तरी खरे होते.

ती उठली. बयाबाई बाहेर ओलं जळण फुंकत होती.

"आक्का, अंबूला घरी न्ह्या. उंदीर न्हवता पडला. म्या खोटं बोलले."

बयाबाईनं वर बघितलं. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. "का?"

"भुईत भावजींचं सामान हाय."

बयाबाईनं फुंकणी खाली टाकली. मग उठली आणि तिनं हरणाबाईच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात की हरणाबाई चिखलात बसली. नंतर बयाबाई खोपीत गेली, नात पदराखाली घेतली, अंबूला हाताला धरून बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मरायचं आसंल तर माज्या घरात मरू! मी ह्या चिखलात ऱ्हात न्हाई!" लोकांनी अडवलं, शिव्या दिल्या, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

हरणाबाई तिच्यापुढं पळत गेली. बयाबाईच्या घराची भुई ओलीच होती. तिनं चुलीतली कोरडी राख घमेल्यानं आणून बोटभर पसरली. राखेनं ओल ओढली की झाडून काढायची आणि नवी टाकायची. असं चार वेळा केलं. शेणकुटांचा निखारा घमेल्यात घालून चारी कोपऱ्यांत फिरवला. धूर होऊ नये म्हणून शेणकुटं बाहेर पेटवून आणायची. बाजेखाली विस्तव, बाजेवर गरम केलेली गोधडी, ओव्याची पुरचुंडी पोरीच्या छातीला. बयाबाई तिच्याशी एक अक्षर बोलली नाही आणि तिला हाकललंही नाही. दोन दिवस हरणाबाई त्या घरात राख टाकत आणि राख झाडत होती. तिसऱ्या दिवशी पोरीनं अंबूच्या अंगाला तोंड लावलं, आणि पोटभर पिऊन रडली.

बयाबाईच्या घरात कुणी आजारी पडलं नाही, हे बघून आठवड्याभरात गाव माघारी आलं.

जोतीराम अठराव्या दिवशी आला. सोबत दोघेजण. भुई उकरून पोती बाहेर काढली. आईकडून त्याला सगळं कळलं होतं. तो हसून म्हणाला, "वैनी, लय हुशारी केलीसा. जमादाराला पळवून लावलं तुमी."

हरणाबाई या दिरापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. ती म्हणाली, "भावजी, एक पोर मरनार हुतं माज्या हुशारीनं. परत हितं काय आनलंसा तर मी सोता जमादाराला बोलवीन." जोतीराम हसायचा थांबला. त्यानंतर त्यानं त्या घरात काही ठेवलं नाही.

लालासाहेब शेहेचाळीस साली आला. एका पायानं लंगडत. गावानं हलगी लावून त्याला घरी आणलं. पाहुणे-रावळे पांगायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी तो जेवून बसला असताना हरणाबाईनं त्याला सगळं सांगितलं. बंदुका, खोटं, खोपी, थोबाडीत बसली ती, सगळं. तो चिडेल, कदाचित हात उगारेल, असं तिला वाटत होतं. आपल्या नोकरीचं काय झालं असतं, हे तरी विचारेलच.

लालासाहेबानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग विचारलं, "पोरगी जगली न्हवं?"

"जगली. चालतीया आता. बयाआक्काच्या दारात असती."

"मग रडतीस कशाला?"

आपण रडतोय हे हरणाबाईला तेव्हा कळलं. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच रडत होती. तो उठून तिच्याजवळ आला, लंगडा पाय लांब करून बसला, आणि ती थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.